श्रद्धेची घरबोली : मराठी कॅथलिक लेखनातील 'साक्ष' या संकल्पनेचा विचार

१. विषयाची मांडणी

मराठी वाङ्मयेतिहासात ख्रिस्ती लेखनाचा विचार प्रामुख्याने दोन सदरांखाली होत आला आहे. पहिले सदर मिशनऱ्यांच्या भाषाकार्याचे. त्यात व्याकरणे, कोश, मुद्रण आणि बायबलची भाषांतरे यांचा समावेश होतो. दुसरे सदर धर्मांतरित व्यक्तींच्या आत्मानुभवाचे. बाबा पदमनजी, नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या लेखनाची चर्चा या सदरात होते. ही दोन्ही सदरे उपयुक्त आहेत, परंतु त्यांच्यामुळे एक तिसरा प्रदेश दुर्लक्षित राहिला. धर्मांतराचा क्षण ज्यांच्या मागे अनेक पिढ्यांपूर्वी पडला आहे, ज्यांची मायबोली मराठी आहे आणि ज्यांची श्रद्धा शेत, स्वयंपाकघर, बाजार व शेजार यांतूनच प्रकट होते, अशा समाजाच्या लेखनाचा तो प्रदेश होय. मराठी कॅथलिकांचे लेखन बव्हंशी या प्रदेशात मोडते.

या लेखनाविषयी आपल्या समीक्षेत एक संदिग्धता दिसते. लेखकाने आपल्या श्रद्धेविषयी लिहिले, की तो 'प्रचार' ठरतो. आणि त्याने श्रद्धेचा उल्लेख टाळला, तरच ते 'साहित्य' ठरते. वारकरी संतांच्या बाबतीत आपण ही अट घालत नाही. त्यांच्या श्रद्धेसह आणि श्रद्धेमुळेच त्यांची कविता आपण वाचतो. मग ख्रिस्ती लेखकासाठी वेगळा निकष का असावा? या प्रश्नाचे उत्तर देताना केवळ उदारतेचे आवाहन पुरेसे नाही. 'प्रचार' आणि 'साक्ष' यांतील भेद संहितेच्या पातळीवर दाखवता येतो काय, हे तपासावे लागेल. प्रस्तुत लेखात हाच प्रयत्न केला आहे.

२. साक्ष, प्रपंच आणि नागपूरशी असलेला एक दुवा

कॅथलिक परंपरेत श्रद्धेचे आचरण आणि तिचे इतरांशी वाटून घेणे या दोन वेगळ्या क्रिया मानल्या जात नाहीत. रविवारच्या उपासनेला मराठी कॅथलिक 'मिस्सा' म्हणतात. या शब्दाचे मूळ लॅटिनमधील निरोप देणे, पाठवणी करणे या अर्थाच्या शब्दात आहे. म्हणजे उपासनेला मिळालेले नावच उपासना संपल्यानंतरच्या क्षणावरून आले आहे. देवळातून बाहेर पडून आपापल्या घराकडे व कामाकडे जाणे हा त्या उपासनेचाच उत्तरार्ध ठरतो.

हा विचार सर्वसामान्य श्रावकांसाठी प्रभावीपणे मांडणाऱ्या ग्रंथकारांत संत फ्रान्सिस द सेल्स (१५६७-१६२२) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. त्यांचा भक्तिजीवनाची ओळख करून देणारा प्रसिद्ध फ्रेंच ग्रंथ १६०९ मध्ये प्रकाशित झाला. भक्ती ही मठवासीयांची मिरासदारी आहे, हा समज त्यांनी त्यात खोडून काढला. शिपायाची छावणी, कारागिराचे दुकान, विवाहितांचे घर येथून भक्तीला हद्दपार करणे ही चूक आहे. मात्र प्रत्येकाची भक्ती त्याच्या व्यवसायाला, बळाला आणि जबाबदाऱ्यांना साजेशी असली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. कारागीर दिवसभर देवळात बसून राहिला किंवा संसारी माणूस संन्याशाप्रमाणे कवडीही न जोडता राहिला, तर ती भक्ती हास्यास्पद ठरेल, असे ते म्हणतात.

नागपूरच्या अभ्यासकाला हा ग्रंथकार परका वाटण्याचे कारण नाही. १८३८ मध्ये फ्रान्समधील ॲनेसी येथे त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या संघाच्या धर्मगुरूंनीच मध्य भारतातील कॅथलिक कार्याचा पाया घातला. नागपूर धर्मप्रांताची स्थापना १८८७ मध्ये झाली आणि १९५३ मध्ये त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. सदर भागातील कॅथीड्रल आणि सेमिनरी हिल्सवरील महाविद्यालय ही दोन्ही आजही याच संताचे नाव धारण करून आहेत. शहरात हे नाव रोज उच्चारले जाते. त्यामागील ग्रंथाचा आणि मराठी परंपरेतील प्रपंच-परमार्थ चर्चेचा संबंध मात्र क्वचितच तपासला जातो.

पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) हाच विचार साऱ्या ख्रिस्तसभेचा म्हणून मांडला. पवित्र उपासनेविषयीच्या डिसेंबर १९६३ च्या दस्तऐवजाने लोकभाषांना उपासनेत वाट मोकळी करून दिली. नोव्हेंबर १९६५ मध्ये धर्मगुरू अथवा व्रतस्थ नसलेल्या श्रद्धावंतांच्या कार्यावर स्वतंत्र दस्तऐवज संमत झाला. पोप सहावे पॉल यांनी १९७५ मधील आपल्या पत्रात शब्दांच्या आधी जीवनाच्या साक्षीला स्थान दिले. मराठी कॅथलिक परिभाषेत या सामान्य श्रद्धावंतांना 'प्रापंचिक' म्हणतात, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. युरोपीय भाषांतील संज्ञा 'धर्मगुरू नसलेला' असा अर्थ सुचवते; मराठी शब्द मात्र संतपरंपरेच्या शब्दकोशातून येतो आणि आपल्यासोबत प्रपंचाची सारी चर्चा घेऊन येतो. म्हणून केवळ सोयीचा प्रतिशब्द एवढेच या शब्दाचे मोल नाही. येथे संज्ञेच्या निवडीबरोबरच आशयाची दिशाही बदलली आहे.

३. 'ख्रिस्तपुराण' : मागणीतून जन्मलेला ग्रंथ

मराठी कॅथलिक लेखनाचा विचार फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'पासूनच सुरू करावा लागतो. मूळचे इंग्रज असलेले हे येशूसंघीय धर्मगुरू ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात पोहोचले आणि साष्टी भागात दीर्घकाळ राहून १६१९ मध्ये तेथेच निवर्तले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. फ्रान्सिस द सेल्स यांचा ग्रंथ आणि हे पुराण यांच्यात अवघ्या सात वर्षांचे अंतर आहे. दोन्ही ग्रंथकार एकाच प्रश्नाला सामोरे जात होते : देवळाच्या बाहेर, माणसाच्या रिकाम्या आणि कामाच्या वेळेत श्रद्धा कोणत्या रूपाने नांदणार?

ग्रंथाच्या प्रारंभीचा प्रसंग या दृष्टीने मूलगामी आहे. रविवारी पाद्री मुलांना धर्मशिक्षण देत असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण त्यांच्याकडे येतो. पूर्वीची पुराणे वाचण्यास आता मनाई झाली आहे. धर्मतत्त्वे शिकविली जातात हे खरे, पण वेळ घालविण्यासाठी आणि मन रमविण्यासाठी वाचावे असे काही आम्हांला मिळावे, असे त्याचे मागणे आहे. या मागण्यातून पुराण सुरू होते. पुढेही प्रश्न विचारणारा ब्राह्मण आणि उत्तर देणारा गुरू अशी संवादरचना ग्रंथात अधूनमधून येत राहते.

या प्रसंगाचे दोन्ही अंग पाहिले पाहिजेत. पहिले अंग सत्तेचे आहे. गोव्यात १५६० मध्ये धर्मन्यायपीठ स्थापन झाले होते. १५६७ मध्ये साष्टीतील अनेक मंदिरे पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीय मारले गेले आणि त्यानंतर तेथील ग्रामस्थांच्या प्रमुखांना पोर्तुगीजांनी ठार केले. ज्या बंदीमुळे ब्राह्मणाला नवे पुराण मागावे लागले, ती बंदी याच सत्तेची होती. ही वस्तुस्थिती झाकून 'ख्रिस्तपुराणा'चा गौरव करणे इतिहासाला धरून होणार नाही.

दुसरे अंग मात्र तितकेच खरे आहे. मागणारा माणूस सिद्धान्त मागत नाही; तो मागतो कथा. सकाळी देवळात ऐकलेले दुपारी ओसरीवर वाचता यावे, घरच्यांना ऐकवता यावे, ही त्याची गरज आहे. स्टीफन्स यांनी ही गरज हीन मानली नाही. त्यांनी ओवी स्वीकारली, पुराणाची चौकट स्वीकारली आणि 'वैकुंठ', 'मुक्ती', 'गुरू' यांसारखे शब्द 'क्रूस' आणि 'पाद्री' यांच्या शेजारी बसविले. मराठी ही ईश्वरी गोष्टी सांगण्यास योग्य भाषा असल्याचे ते प्रस्तावनेत सांगतात. शुद्ध मराठी सर्वांना उमगत नाही म्हणून कठीण शब्द टाळून कोकणी वळणाचे सोपे शब्द योजल्याचेही ते नमूद करतात. ग्रंथकार येथे श्रोत्याची भाषा सुधारायला जात नाही. तो आपली भाषा श्रोत्याच्या कानाला लावून घेतो. साक्षीची पहिली खूण येथे सापडते. साक्षीच्या लेखनात बोलीची निवड ऐकणाऱ्याच्या बाजूने झालेली असते.

४. पोथीकडून घराकडे

ग्रंथाच्या पुढील प्रवासाने ही खूण अधिक स्पष्ट केली. १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले आणि देशी भाषेतील ख्रिस्ती ग्रंथनिर्मितीचा ओघ मंदावला. छापखाना थांबला, तरी पोथी थांबली नाही. गोव्यातून दक्षिणेकडे स्थलांतरित झालेल्या कॅथलिक कुटुंबांनी तिच्या हस्तलिखित प्रती जपल्या. जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथून प्रसिद्ध केलेली आवृत्ती अशा हस्तलिखितांवरच उभी आहे. देवनागरीत हा ग्रंथ शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने १९५६ मध्ये आला आणि कॅरिदाद द्रागो यांनी संपादिलेली आवृत्ती १९९६ मध्ये निघाली. राजाज्ञेने जे वाचन देवळात क्षीण केले, ते घरात टिकले. वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने ग्रंथाचा कर्ता एक युरोपीय धर्मगुरू असला, तरी त्याचे रक्षणकर्ते प्रापंचिकच होत.

वसईचा इतिहास हेच वेगळ्या रीतीने सांगतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला आणि दोन शतकांची पोर्तुगीज सत्ता संपली. राजसत्तेचा आधार गेला. तरी धर्म राहिला. तो टिकवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर कुटुंबांवर आले. घरातील सायंकालीन जपमाळ, गावाच्या वाटेवरील क्रुसापाशी होणारी प्रार्थना, लग्नगीते, नव्या भाताच्या लोंब्या देवळात नेऊन आशीर्वाद घेण्याचा 'आगेरा' हा सण यांतून श्रद्धेची एक घरबोली तयार झाली. सामवेदी (कादोडी) आणि वाडवळी या बोलींत ती बोलली गेली. आगेराचा सण या संदर्भात विशेष बोलका आहे. त्यात शेतकऱ्याचा हंगाम आणि ख्रिस्तसभेचा आशीर्वाद एकाच कणसात भेटतात. पहिले पीक देवाला वाहण्याची रीत मराठी मुलखातील कोणत्याही शेतकऱ्याला उमगणारी आहे. म्हणून हा सण शेजाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

येथे साक्षीची दुसरी खूण हाती येते. सत्तेचा आधार काढून घेतल्यावरही जे टिकते, ती साक्ष. सत्तेच्या छायेत श्रद्धेचे आचरण आणि लाभाची अपेक्षा यांची सरमिसळ होऊ शकते. १७३९ नंतरच्या वसईत ही सरमिसळ संभवत नव्हती.

५. 'निरोप्या' ते 'सुवार्ता'

विसाव्या शतकात ही घरबोली नियतकालिकांतून लिखित झाली. १९०३ मध्ये जर्मन येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग यांनी राहुरी तालुक्यातील केंदळ येथून 'निरोप्या' हे मासिक सुरू केले. नगर जिल्ह्यातील ग्रामीण, बव्हंशी दलित समाजातून आलेल्या कॅथलिकांपुढे छापील मराठी अक्षर नियमितपणे ठेवण्याचे श्रेय या मासिकाकडे जाते. नावाची निवड लक्षात घेण्याजोगी आहे. निरोप्या हा आज्ञा देणारा नसतो, की वाद जिंकणारा नसतो. एका घरचे बोलणे दुसऱ्या घरी नेणारा तो साधा माणूस असतो. आणि निरोप ऐकणाऱ्याला तो स्वीकारण्याचे अथवा परत पाठविण्याचे स्वातंत्र्य असते.

वसईच्या 'सुवार्ता' मासिकाने या परंपरेला वेगळे वळण दिले. १९८३ ते २००७ या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे त्याचे संपादक होते. धर्मप्रांतीय मासिकाची चौकट त्यांनी इतकी रुंद केली, की मराठीतील अन्यधर्मीय लेखक आणि वाचक त्यात सहज सामावले. परंतु त्यांच्या संपादकीय कारकिर्दीचा अर्थ मासिकाच्या पानांपुरता पाहून लागत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बांधकाम व्यवसायाचे आक्रमण वाढले. विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले आणि त्यातून दहशतीचे राजकारण उभे राहिले. तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात दिब्रिटो अग्रभागी होते. त्या लढ्यात सर्व धर्मांचे लोक होते. विहिरीचे पाणी कोणत्याही एका धर्माचे नसते. केळीच्या बागेत राबणाऱ्या माणसासाठी प्रार्थना आणि पाणी हे दोन विषय नाहीत, हे येथे कृतीने सांगितले गेले.

दिब्रिटो यांच्या ग्रंथलेखनाकडे या पार्श्वभूमीवर पाहावे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले 'सुबोध बायबल' हे त्यांचे प्रमुख कार्य. त्याच्या नावातील 'सुबोध' हे विशेषण स्टीफन्स यांच्या प्रस्तावनेतील भूमिकेशी नाते सांगते. 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' या ग्रंथात तीर्थभूमीचा विचार करताना तेथील वर्तमान हिंसेकडे ते पाठ फिरवीत नाहीत. 'नाही मी एकला' हे आत्मकथन एका धर्मगुरूचे असूनही त्याच्या शीर्षकातच एकटेपणाचा नकार आणि समाजाचा स्वीकार आहे. या साऱ्या लेखनाचा अपेक्षित वाचक केवळ कॅथलिक नाही. वाचकाला आपल्या धर्मात आणणे हा हेतू ठेवून ते सिद्ध झालेले नाही. आपण ज्याच्या बळावर जगतो ते शेजाऱ्यापासून लपवू नये, एवढीच त्याची प्रेरणा दिसते. साक्षीची तिसरी खूण ती हीच. लेखक शेजाऱ्याचा प्रश्न आपला मानतो आणि त्या प्रश्नाच्या संदर्भातच आपल्या श्रद्धेचा उच्चार करतो.

६. संतपरंपरेशी साम्य आणि भेद

मराठी वाचकाला या विवेचनातून वारकरी संतांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. सावता माळ्याने आपल्या मळ्यात आणि जनाबाईने दळणकांडणात देव पाहिला. एकनाथांनी गृहस्थाश्रम न सोडता परमार्थ साधला. त्यांचे एकनाथी भागवत स्टीफन्स गोव्यात उतरण्यापूर्वी काही वर्षेच, १५७३ मध्ये, पूर्ण झाले होते. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 'ग्रामगीते'त गावाची सेवा आणि सामुदायिक प्रार्थना एकत्र गुंफली. बिशप थॉमस डाबरे यांनी तुकारामांच्या ईश्वरानुभवावर संशोधन करून १९८७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. या दोन परंपरांमधील संवाद कॅथलिक अभ्यासकांनीही गांभीर्याने घेतला, याचे तो द्योतक आहे.

तथापि साम्य दाखविताना भेद पुसणे योग्य नव्हे. सावतोबांसाठी मळा हेच देवदर्शनाचे स्थान होते. पंढरीला न जाताही त्यांची भक्ती पूर्ण होती. कॅथलिक प्रापंचिकाला मात्र मिस्सा, संस्कार आणि धर्मग्राम यांच्याकडे पुन्हा पुन्हा परतावे लागते. शेतात किंवा कचेरीत तो तेथून 'पाठविलेला' असतो. एका परंपरेत रोजचे काम हे भक्तीचे विश्रांतिस्थान आहे, तर दुसरीत ते पाठवणीचे ठिकाण आहे. दुसरा भेद इतिहासाचा आहे. संतांना आपली भाषा परकी आहे, हा आरोप कधी ऐकावा लागला नाही. त्यांच्यावर रोष झाला तो ती भाषा फार जवळची, फार लोकांची असल्यामुळे. मराठी कॅथलिक लेखकाला आपले मराठीपण वारंवार सिद्ध करावे लागते. या ओझ्याचा परिणाम त्याच्या शैलीवर होतो. कधी ती अतिनम्र होते, कधी संस्कृतप्रचुर होते. या शैलीचा अभ्यास करताना त्या ओझ्याची नोंद घेणे आवश्यक आहे.

७. निष्कर्ष

जानेवारी २०२० मध्ये तत्कालीन उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर दिब्रिटो यांना मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांच्या निवडीला काहींनी विरोध केला आणि विरोधाचे कारण त्यांचे धर्मगुरूपद हेच होते. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांना अभिवादन करणारे अनेक होते; पण त्यांच्या निवडीच्या निमित्ताने निर्माण झालेल्या प्रश्नाचे वाङ्मयीन उत्तर अजून पुरते दिले गेलेले नाही.

ते उत्तर देताना वरील विवेचनातून मिळालेल्या तीन खुणा उपयोगी पडतील. लेखनाची भाषा ऐकणाऱ्याच्या बाजूने निवडलेली आहे काय? सत्तेचा अथवा लाभाचा आधार वजा केल्यावर त्यातील श्रद्धा शिल्लक राहते काय? शेजाऱ्याचा प्रश्न लेखकाने स्वतःचा मानला आहे काय? प्रचारपर लेखन या कसोट्यांना सहसा उतरत नाही. त्यात उत्तर आधी ठरलेले असते आणि प्रश्न मागाहून शोधला जातो. 'ख्रिस्तपुराण' पहिल्या कसोटीला पूर्णपणे उतरते. दुसऱ्या कसोटीला ते प्रकाशनकाळी उतरत नाही. परंतु त्याच्या वाचकांनी पुढील शतकांत त्याला त्या कसोटीस उतरविले. वसईच्या लेखनात तिन्ही खुणा एकत्र आढळतात. हेच निकष कोणत्याही धर्मातील भक्तिपर लेखनाला लावता येतील आणि ते तसे लावले पाहिजेत; अन्यथा ते निकष न राहता अल्पसंख्याकांची परीक्षा ठरतील.

शेवटी विदर्भाविषयी. नागपूर-कामठी परिसरातील कॅथलिक समाज आरंभापासून बहुभाषिक राहिला. लष्करी छावणीच्या आश्रयाने आलेली तमिळ आणि इंग्रजी भाषिक कुटुंबे, पुढे गोवा आणि केरळ येथून आलेली माणसे, तसेच स्थानिक मराठी-हिंदी भाषिक यांचा तो मेळ आहे. त्यामुळे वसईसारखी एकसंध मराठी लेखनपरंपरा येथे दिसत नाही. मात्र छापील ग्रंथ नाही म्हणून घरबोली नाही, असे होत नाही. धर्मग्रामांतील मराठी उपासनागीते, नाताळ आणि उपवासकाळातील प्रार्थना, आजीने नातवंडांना सांगितलेल्या शुभवर्तमानातील गोष्टी यांचे संकलन विद्यापीठीय पातळीवर हाती घेता येईल. हे काम लवकर व्हावयास हवे. ही सामग्री ज्यांच्या स्मरणात आहे ती पिढी वयोवृद्ध आहे, आणि पुढील पिढीच्या शिक्षणाची भाषा आता बहुतेक घरांतून इंग्रजी झाली आहे.